नक्षीची कार्डं आणि सहावीचा वर्ग

सोलापूर जिल्ह्यात शिक्षक आहे म्हटलं, की पुण्या-मुंबईकडचे लोक हमखास विचारतात, "म्हणजे डिसले गुरुजींच्या जिल्ह्यातले?" हो, त्यांच्याच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. १० लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेला क्यूआर कोड त्या बातमीमुळे घराघरात माहीत झाला. जिल्ह्याला अभिमान वाटला, तो वाटायलाच हवा होता. पण त्याबरोबर आम्हा बाकीच्या मास्तरांच्या मागे एक तगादाही लागला: तुम्ही काय नवीन करताय?

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी. शाळेत तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभर डिजिटल शाळांची लाट आली, तेव्हा आमच्याकडेही लोकसहभागातून मोठा टीव्ही आला. आता तो झाकलेला असतो. पाहुणे आले की कापड निघतं, गेले की परत पडतं.

नवोपक्रम स्पर्धेसाठी सहकाऱ्यांनी लिहिलेले पुष्कळ अहवाल मी वाचले आहेत. उद्दिष्टं, गृहीतकं, पूर्व चाचणी, उपक्रम, उत्तर चाचणी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ दिसून आली.' वाढ झाली नाही असा एकही अहवाल माझ्या हाती लागलेला नाही. बी.एड.ला कृतिसंशोधन शिकताना कर्ट लेविन यांचं नाव पाठ केलं होतं. १९४६ साली त्यांनी मांडलेली कल्पना अशी, की काम करणाऱ्यानं बदल करून बघावा, काय झालं ते तपासावं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवावं. काय होणार हे आधीच ठरलेलं असेल तर तपासायचं कशाला? एकदा तरी निकाल माहीत नसलेला प्रयोग करून बघावा, असं डोक्यात होतं.

त्यासाठी आधी बरंच वाचलं. पेरू देशात 'मुलागणिक लॅपटॉप' या योजनेत खेड्यांतल्या शेकडो शाळांना लॅपटॉप दिले गेले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक पडल्याचं दिसलं नाही. आमचा झाकलेला टीव्ही आठवून मला त्याचं नवल वाटलं नाही. दुसरं वाचलं ते हार्वर्डच्या एरिक मेझर यांच्याबद्दल. हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९१ पासून वर्गात एक प्रश्न टाकतात, प्रत्येकाकडून पर्याय मागतात, मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावतात आणि पुन्हा उत्तर मागतात. पुढे अशा वर्गांत उत्तर द्यायला प्रत्येकाच्या हातात बटणांचं यंत्र आलं. कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री यांनी यंत्रवाला वर्ग आणि साध्या कार्डांचा वर्ग यांची तुलना २००८ साली छापली. शिकण्यात फरक आढळला नाही.

हे वाचून झालं आणि प्रयोग डोळ्यांसमोर उभा राहिला. बटणांची यंत्रं आम्हाला परवडणारी नव्हती, पण प्लिकर्स नावाचं ॲप होतं. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्या पर्यायाची बाजू वर, ते उत्तर. शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते पडद्यावर उमटतं. मुलांना फोन लागत नाही, नेट एकट्या शिक्षकाच्या फोनला पुरतं, वीज गेली तरी तास अडत नाही. तुलनेसाठी सहावीच्याच दुसऱ्या तुकडीला चार रंगांचे घोटीव कागदाचे तुकडे: लाल म्हणजे ए, हिरवा म्हणजे बी, वगैरे.

मुख्याध्यापक सरांना सांगितलं. त्यांची पहिली शंका रास्त होती: एका तुकडीला मोबाईलचं, दुसरीला कागदाचे तुकडे, पालक विचारणार नाहीत का? म्हणून अदलाबदल ठरवली. पूर्णांक संख्या आणि अपूर्णांकांवरच्या क्रिया शिकवताना 'अ'ला नक्षीची कार्डं आणि 'ब'ला रंगीत कागद. दशांश अपूर्णांक सुरू झाले की उलट. दोन्ही तुकड्यांचं गणित माझ्याकडेच, त्यामुळे शिक्षक वेगळा हा मुद्दा निकालात निघाला. ब तुकडीच्या वर्गशिक्षिका बाईंनी स्वतःहून एक काम घेतलं. त्या मागच्या बाकावर बसून टिपणं काढणार होत्या. त्या टिपणांचा पुढे किती उपयोग होणार आहे, हे तेव्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

पालकसभेत एका आईनं विचारलं, "पोरींचे फोटो काढणार का ओ सर?" मला हा सगळ्या सभेतला सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. सगळ्यांसमोर फोन फिरवून दाखवला. कॅमेरा नक्षी वाचतो, मी फोटो काढून ठेवत नाही, आणि त्या ॲपमध्ये मुलांची नावं टाकणारच नाही, फक्त हजेरी क्रमांक. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं आहे, तेही सांगितलं आणि संमतीपत्रावर सह्या घेतल्या. काही सह्या तेलुगूत आल्या. दुसरीकडे प्रयोग करणाऱ्या मित्रांना मी अजून हेच सांगतो: नावं टाकूच नका. हजेरी क्रमांकानं काही अडत नाही.

कार्डं नवी पेठेत छापून आणली. टिकावीत म्हणून लॅमिनेशन केलं, चांगलं चकचकीत. खिडकीतून ऊन आलं की निम्म्या कार्डांवर नुसता पांढरा झगमगाट, फोनला काहीच दिसेना. चकाकी नसलेलं लॅमिनेशन करावं किंवा जाड कागदावर छापून तसंच ठेवावं. आम्ही जाड कागदावर दुसरा संच काढला. मुलांची तोंडं खिडकीकडे वळवून मी खिडकीला पाठ करून उभा राहायला लागलो, म्हणजे उजेड कार्डांवर पडतो आणि फोनच्या डोळ्यात जात नाही. बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत, कार्ड खालच्या दोन कोपऱ्यांना धरायचं, एवढं शिकवायला मात्र चांगलाच वेळ गेला.

"सर, ह्याला कसं कळूलालंय ओ?" हा प्रश्न येणारच होता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चादरीच्या कारखान्यात वडील असलेला एक जण म्हणाला, "अरे, जेकार्डच्या पट्ट्यासारखं!" मागावरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीत जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही, आणि त्यावरून चादरीवर मोर उमटतो. इथं भोकाऐवजी काळा चौकोन आणि पांढरी जागा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, म्हणून नंबर कळतो. नक्षी कुठल्या बाजूला वळलीय त्यावरून उत्तर कळतं. सोलापूरच्या पोराला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न तयार करण्यात गेला. शिक्षकाच्या डोक्यात चार पर्याय म्हणजे एक बरोबर आणि तीन कसेतरी भरलेले. तसे प्रश्न टाकले तर फोनवर नुसतं किती बरोबर, किती चूक एवढंच कळतं, आणि ते तर हात वर करायला सांगूनही कळतं. प्रत्येक चुकीचा पर्याय हा एखाद्या खऱ्या गैरसमजाचा असायला हवा. उदाहरण देतो. ०.४ + ०.१३ = किती? पर्याय: ०.१७, ०.५३, ०.४१३, ४.१३. जो ०.१७ म्हणतो त्यानं ४ आणि १३ यांची बेरीज केलीय, दशांशचिन्हानंतरचा भाग तो साधी संख्या समजतो. ०.४१३ वाल्यानं अंक शेजारी शेजारी मांडलेत. दोघांना पुढं वेगवेगळं सांगावं लागतं.

हे गैरसमज पुस्तकात सापडत नाहीत, जुन्या वह्यांत सापडतात. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या नव्हत्या, त्या काढून बसलो. तेव्हा लक्षात आलं, की ०.३५ हे ०.७ पेक्षा मोठं मानणारी मुलं हुशार-ढ अशा भेदापलीकडे सगळीकडे पसरलेली आहेत, कारण ३५ हे ७ पेक्षा मोठं असतंच. आणि एक गैरसमज क्रिकेटनं पुरवलेला. साडेचार षटकं म्हणजे ४.५ षटकं का? टीव्हीवर ४.५ दिसतं तेव्हा चार षटकं आणि पाच चेंडू झालेले असतात. साडेचार व्हायला ४.३ दिसावं लागतं. तिथला टिंब दशांशचिन्ह नाहीच. हा प्रश्न मी वर्गात टाकला त्या दिवशी पुढचा अख्खा तास त्यातच गेला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सुरुवातीचे दिवस जत्रा होती. नक्षीची कार्डं मिळालेली 'अ' तुकडी गणिताच्या तासाला माझ्या आधी वर्गात हजर. अशा वेळी शिक्षक खूश होतो आणि अहवाल लिहायला घेतो. बी.एड.च्या पुस्तकातला हॉथॉर्न परिणाम मला इथं आठवला: शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले, आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय यामुळेच माणसं जास्त काम करतात, असा त्यांचा अर्थ लावला गेला. त्या अर्थावर पुढे बरेच वाद झाले आहेत, पण वर्गात नवं खेळणं आलं की काय होतं हे कुठल्याही मास्तरला माहीत असतं. त्या सुरुवातीच्या दिवसांची आकडेवारी धरायची नाही, असं आम्ही आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. नवलाई गेली, कार्डांचे कोपरे दुमडले, एक-दोघांची घरी हरवली, आणि मग खरा प्रयोग सुरू झाला.

आणि आकडे विचित्र यायला लागले. सारखाच प्रश्न, सारखंच शिकवणं, तरी पहिल्या उत्तरात रंगीत कागदांची तुकडी दर वेळी जास्त बरोबर. नक्षीवाली मागे. मुख्याध्यापक सर गमतीनं म्हणालेसुद्धा, "मोबाईलनं पोरं बिघडतात म्हणतात ते खरंय की!" मला आधी वाटलं तुकड्यांतच फरक असेल. पूर्व चाचणीत दोन्ही जवळपास सारख्या होत्या.

उत्तर बाईंच्या टिपणांत होतं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला कोणी काय दाखवलं हे लिहिलं नव्हतं, ते शक्यही नव्हतं. मागच्या बाकावरून त्यांना दिसली ती कागदांची हालचाल. मी "दाखवा" म्हटलं की आधी पुढच्या रांगेतले चार-पाच हात वर जायचे. मग क्षणभर थांबून मधल्या रांगा. तेवढ्यात वर गेलेला एखादा लाल कागद खाली यायचा आणि हिरवा वर जायचा. शेवटी मी मोजायला लागेपर्यंत वर्ग बराचसा एकरंगी झालेला असायचा. बाईंनी लिहिलं होतं: 'पहिल्या बाकावरचा मुलगा बघून मग बाकीचे.' तो मुलगा कोण हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दर वर्गात असा एक असतो, ज्याचा हात प्रश्न संपायच्या आधी वर असतो.

नक्षीची कार्डं शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. अक्षरं बारीक, नक्षी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे शेजाऱ्यानं कार्ड कसं धरलंय हे बघून काही उपयोग नसतो. मूल आपल्याला वाटतं ते दाखवतं, कारण दुसरं काही दाखवायची सोयच नसते. म्हणून चुका जास्त दिसत होत्या. त्या तुकडीत चुका जास्त होत्या असं नव्हतं, फक्त तिथं त्या झाकल्या जात नव्हत्या.

अदलाबदल झाली तेव्हा याची खात्री पटली. दशांश अपूर्णांकांना 'ब'कडे नक्षी आली आणि 'ब'चे पहिल्या उत्तराचे आकडे घसरले. 'अ'कडे रंगीत कागद गेले आणि 'अ' एकदम हुशार झाली. त्या पुढच्या बाकावरच्या मुलाची दशांशाची उत्तरं आता फोनवर दिसत होती. त्याचं ०.१७ एकदा नाही, सारखं येत होतं. आवाज मोठा, वेग मोठा, आणि टिंबानंतरचं सगळं चुकलेलं. निम्मा वर्ग त्याच्यामागे चालत आला होता, आणि माझ्यासमोर मात्र 'सगळ्यांना कळलंय' असं चित्र. त्याला काही बोललो नाही. ०.४ म्हणजे ०.४० हे दहा-दहाच्या चौकटीत रंगवून घेतलं, सगळ्यांकडूनच.

मेझर यांच्या पद्धतीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर शेजाऱ्याशी चर्चा करायला लावतात. खूप कमी असतील तर पुन्हा शिकवायचं, खूप जास्त असतील तर पुढं जायचं. हा नियम आमच्या वर्गात चालला. एक गोष्ट मात्र मी आधी ठरवलेली नव्हती. "आता शेजाऱ्याला पटवा" म्हटल्यावर वर्गात जो गलका झाला तो तेलुगूत झाला. मराठीत मला "आलं नाही सर" एवढंच सांगणारी मुलं तिथं हातवारे करून भांडत होती. मला तेलुगू कामापुरतीच कळते. मधूनच 'दशांश', 'छेद' असे शब्द ऐकू यायचे, बाकी सगळं त्यांचं. आमच्या शाळेत मराठीतच बोला असा आग्रह असतो, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या एकानं तशी आठवणही करून दिली. मी दार लोटून घेतलं. उत्तर मराठीत द्यायचं, वाद कुठल्याही भाषेत घालायचा, असं आमचं ठरलं.

उत्तर चाचणी झाली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर न सांगता आणखी एक. दोन्ही तुकड्या पूर्व चाचणीपेक्षा वर आल्या. पण दोन तुकड्यांत उपकरणामुळे फरक पडला असं म्हणावं, असं काहीही नव्हतं. लॅस्री यांना कॉलेजात जे दिसलं तेच इथं सहावीत दिसलं. शिवाय दोन्हीकडे वाढ झाली ती प्रश्नांमुळे, चर्चेमुळे की नुसतं शिकवल्यामुळे, हे या प्रयोगातून सांगता येत नाही, कारण असे प्रश्न आणि चर्चा यांपैकी काहीच न केलेली तिसरी तुकडी माझ्याकडे नव्हती. हे सगळं मी अहवालात तसंच लिहिलं. वाचणाऱ्या एका वरिष्ठांनी सुचवलं, की निष्कर्षात 'नक्षीच्या कार्डांमुळे लक्षणीय वाढ' असं टाका, नाहीतर नंबर येणार नाही. टाकलं नाही. नंबर आला नाही.

खरा निष्कर्ष स्पर्धेच्या नमुन्यात बसणाराच नव्हता. मुलं किती शिकली यापेक्षा शिक्षकाला काय दिसलं, यात फरक पडला होता. आणि तो कळल्यावर रंगीत कागदसुद्धा सुधारता आला. आता कागद टेबलाखाली धरून आधी निवडायचा, डोळे मिटायचे, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचा. एवढ्यावर बाईंच्या टिपणातली ती लाट बरीच ओसरली. पूर्ण नाही, डोळे किलकिले करणारे असतातच. रोजच्या तासाला घोटीव कागद पुरतो. नवा धडा संपताना, किंवा वर्ग जरा जास्तच एकमुखानं 'हो' म्हणायला लागला की, मी नक्षीची कार्डं काढतो. कोणी काय उत्तर दिलं याची नोंद फोनमध्ये राहते, तिचा उपयोग संध्याकाळी होतो: ०.१७ वाले कोण, त्यांना उद्या एका गटात बसवायचं.

कोणाला करून बघायचं असेल तर कार्डं छापण्याआधी प्रश्न लिहा, असं मी सांगेन, आणि मागे बसून बघायला एक माणूस शोधा. फोनमधल्या टक्केवारीनं मला जे सांगितलं नसतं ते बाईंच्या वहीनं सांगितलं.

सध्या आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, काही गणित शिक्षक मिळून प्रश्नांची एकच वही करतोय. अट एवढीच, की चुकीच्या पर्यायासमोर तो कुठल्या गैरसमजातून येतो ते लिहायचं, नाहीतर प्रश्न वहीत जात नाही. अपूर्णांकांच्या भागाकारावर घोडं अडलंय. १/२ ÷ १/४ याचं उत्तर २. भागाकाराऐवजी गुणाकार करणाऱ्याचं १/८ येतं, चुकीचा अपूर्णांक उलटा करणाऱ्याचं १/२ येतं. चौथ्या पर्यायासाठी सगळ्यांनी जुन्या उत्तरपत्रिका चाळल्या. जे हाती आलं त्यातून मुलाच्या डोक्यात काय चाललंय, ते अजून कोणालाही लावता आलेलं नाही.